रेड्याचा आवाज

"बंद करा! बंद करा म्हन्तो ना! माणसं ऱ्हात्यात का जनावरं ऱ्हात्यात हितं?"

"जनावरं," सुलभा म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. त्या क्षणी आमच्या तळघरात एक कोल्हा शेवटच्या घटका मोजत होता, दोन माकडिणी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या आणि मी स्वतः रेडा होतो. पण दारातल्या माणसाला हे सांगून कळण्यासारखं नव्हतं. तो जिन्यातून आधी पोटानं उतरला, मग अत्तरानं आणि सगळ्यात शेवटी पायांनी. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, डाव्या भुवईपासून पार केसांत शिरलेला जाड व्रण, गालात पान, आणि त्या पानाच्या फटीतून बाहेर पडणारा तो आवाज!

आवाज कसला, गिट्टीची खाणच ती. शेंद्र्याच्या एखाद्या कारखान्याचा भोंगा बिघडला असता, तर ह्या माणसाला गच्चीवर उभं करून कामगारांच्या पाळ्या बदलता आल्या असत्या. त्यानं पुन्हा एकदा "बंद करा!" म्हटलं तेव्हा भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे थरथरले, माझ्या चहावरची साय दुभंगली आणि हर्सूलच्या तलावातली बदकं उठून थेट पैठणच्या धरणावर जाऊन बसली. हे शेवटचं मी पाहिलं नाही, पण खात्रीच्या माणसाकडून ऐकलंय.

आमचा इम्रान, म्हणजे आवाज टिपणारा गडी, त्यानं कानांवरचा हेडफोन उचलला, समोरच्या मशीनवर लाल झालेली रेघ पाहिली आणि सुलभाच्या कानाशी लागला. "मॅडम, अपना रेडा मिल गया."

रंगनाथतात्या आमच्या आयुष्यात आले ते असे. आले आणि पसरले.

आधी आमचा उद्योग सांगतो, म्हणजे पुढचं कोडं वाटणार नाही. सुलभा हैदराबादची बरी नोकरी सोडून गावी परतली होती, ती एकच वेड घेऊन. जनावरांचा एक मराठी कार्टून सिनेमा करायचा, तोही इथंच, पुंडलिकनगरात, एका इमारतीच्या तळघरात. गोष्ट अशी की माळावर एकच पाणवठा उरलाय आणि त्याचा कारभार एका रेड्याकडं आहे. नाव कारभारी. ह्या कारभाऱ्यानं तरुणपणी बिबट्याच्या तोंडातून पाडसं सोडवली, त्यात त्याचं अर्धं शिंग गेलं. तेव्हापासून तो त्या अर्ध्या शिंगाचं व्याज खातोय. दिवसभर पाण्यात लोळतो, तहानलेल्यांना पाळ्या लावून देतो आणि ज्या कळपानं मान खाली घातली नाही, त्याची पाळी चुकवतो. शेवटी त्याला ठरवायचं असतं, बांध फोडून पाणी सगळ्यांना सोडायचं की आपण डुंबत राहायचं. पुरता वाईट नाही, चांगला तर नाहीच. संवाद माझे होते. आणि चांगला आवाज सापडेपर्यंत कारभाऱ्याचा कच्चा आवाजही माझाच होता. तो ऐकून इम्रान म्हणायचा, "सर, ये रेडा नहीं, सर्दी हुई बकरी है."

आमच्या धंद्यात आधी आवाज आणि मग चित्र. माणूस बोलतो कसा, दम कुठं खातो, ओठ कुठं मुडपतो, हे सगळं टिपायचं आणि त्याबरहुकूम जनावराचं तोंड हलवायचं. आवाज खोटा तर सिनेमा खोटा. म्हणून सुलभा कोल्ह्याला मरणाच्या दारात तसाच टांगून उठली, तात्यांना खुर्ची दिली आणि म्हणाली, "तात्या, आमच्या सिनेमात काम कराल?"

तात्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "रोल काय?"

"नेता. अख्ख्या माळाचा."

"मग आवाज ऱ्हाऊ द्या चालू," तात्या म्हणाले. "कला जगली पाह्यजे."

तात्या आमच्या भागाचे माजी नगरसेवक. निवडणुका लांबत चालल्या होत्या त्या काळातली ही गोष्ट, त्यामुळं चौकातल्या एकाच फलकावर ते डावीकडं माजी असत आणि उजवीकडं भावी. मधल्या काळात ते नेमके कोण, हे कोणी विचारत नसे, कारण नळ त्यांनाच विचारून येत. त्यांचं मूळ गाव गंगापूरकडं, तिथं ऊस. इथं तीन मजली घर, आणि घरावर इतक्या काळ्या टाक्या की विमानातून पाहणाऱ्याला म्हशींचा गोठा गच्चीवर चढलाय असं वाटावं.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून किळसवाणा वाटला आणि त्याचं कारण राजकारण नव्हतं. कारण होतं त्यांचा हात. तात्यांनी एकदा हात मिळवला की ते तो सोडत नसत. तळवा फ्रीजमधून काढून विसरलेल्या दुधाच्या पिशवीसारखा, गार आणि ओला. तुमचा हात त्यात घालून ते तिसऱ्याच माणसाशी बोलत, फोनवर बोलत, एकदा तर हात धरून ते अख्खी शोकसभा उभे होते. तुम्ही सोडवायला गेलात की ते आणखी दाबत. मागं त्यांचा गोरख उभा असे. पन्नाशीचा माणूस, काम एकच, दर वाक्याला "बरोबरे तात्या" म्हणणं. माझी शंका आहे, तो झोपेतही तात्यांच्या घोरण्याला दाद देत असावा.

दुसरी सवय म्हणजे "आपलंच हाय." तात्या कोणाचीही कुठलीही वस्तू उचलत आणि हे दोन शब्द म्हणत. तुमचा चहा तुमच्या ओठाशी पोचायच्या आत त्यांच्या मिशीत गेलेला असे, आपलंच हाय. पेन, चार्जर, रुमाल, खुर्ची, आपलंच हाय. सुलभाच्या डब्यातल्या ठेच्यात ते चौकोनी खड्याच्या अंगठीसकट बोट घालत, चाटत, आणि तेच बोट पुन्हा भरल्या वांग्यात. आम्ही डबे लपवायला लागलो. इम्राननं तर एकदा आपला मटणाचा खलिया स्पीकरच्या खोक्यात ठेवला. तात्यांनी वासावर शोधून काढला. दाराशी सुलभानं लावलेलं एक मनीप्लँट होतं, तात्या येता-जाता त्यात पानाची पिचकारी सोडत. ते झाड मेलं नाही. पण त्याला पुढं पुढं जी पानं फुटली ती तांबूस फुटली, आणि शपथेवर सांगतो, वळून आमच्याकडं पाहायची.

पहिल्या रेकॉर्डिंगची गंमत सांगतो. काचेपलीकडच्या आवाजाच्या खोलीत तात्यांना उभं केलं. ही खोली इम्राननं जुन्या गाद्या, घोंगड्या आणि अंड्यांचे ट्रे लावून अशी बंदिस्त केली होती की आत तोफ उडाली तरी जिन्यात मांजर जागं होऊ नये. तात्यांनी कागद हातात घेतला, दुमडला, खिशात घातला.

"वाचायचंय तात्या," मी इकडून सांगितलं.

"शायर, तुम्ही मला फक्त परिस्थिती सांगा. भाषण माझं मी करतो." मला ते शायर म्हणत. मी आयुष्यात एक शेर लिहिलेला नाही.

"सगळी जनावरं पाणवठ्यावर जमलीत. तुम्ही सांगताय की ह्या वर्षी पाणी कमी आहे."

"जनावरं कोनकोनती?"

"हरणं, कोल्हे, माकडं, रानडुकरं, ससे."

"हरणं किती?"

"आहेत. कळप आहे."

"आन् ससे?"

"ससे पुष्कळ."

तात्यांनी डोळे मिटले. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "मंग हरणांला कशाला विचारतो आपण? ससे धरा. ससा गरीब हाय, पोरं लई, आन् गवतावर खूश. माकडांतली दोन फोडू. डुकरं आपलीच हायत."

"बरोबरे तात्या," गोरख काचेबाहेरून म्हणाला.

सुलभा हसली नाही. ती टेबलावर वाकून भराभर हे सगळं उतरवून घेत होती, कारण मी महिनाभर डोकं खाजवूनही कारभाऱ्याच्या तोंडी इतकं चांगलं काही घातलं नव्हतं. तेव्हापासून आमची पद्धत तीच पडली. तात्यांना परिस्थिती सांगायची आणि माइक चालू ठेवायचा. इम्रानचा तर नियमच होता की माणूस खोलीत शिरला की टिपणं सुरू आणि बाहेर पडला की बंद. खोकला, ढेकर, घसा खाकरणं, सगळं जपून ठेवायचं. रेड्याला हे सगळं लागतंच. तात्यांच्या ढेकरांचा संग्रह आमच्याकडं इतका मोठा झाला की त्यातून एक बैलपोळा उभा राहिला असता.

सूचनाही असत. कारभाऱ्याचं चित्र पाहून ते म्हणाले, "एवढा काळा कशाला? जरा उजळ करा की." रेडा आहे तात्या. "मग सावळा करा. आन् ते शिंग पुरं करा, अपशकुनी दिसतंय." ते अर्धंच हवं, त्यावरच सगळी गोष्ट उभी आहे, असं सुलभानं सांगितलं. तात्यांचा हात आपोआप कपाळावरच्या व्रणाकडं गेला. "असं व्हय," ते म्हणाले, आणि शिंगाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

त्या व्रणाबद्दल मात्र मी एक अक्षर फुगवून सांगणार नाही. ते मला रुक्मिणमावशींनी सांगितलं, आणि मावशींना फुगवून सांगता येत नाही. मावशी चौथ्या गल्लीत सुलभाच्या शेजारी राहतात. एका पावसाळ्यात मागचा नाला फुगला आणि त्यांचा नातू, तेव्हा पाच-सहा वर्षांचा, पाय घसरून आत गेला. काठावर माणसं पुष्कळ होती, पण सगळी ओरडत होती. तात्या गाडीतून उतरले आणि कपड्यांसकट उडी मारली. पाइपाच्या तोंडाशी अडकलेलं पोर ओढून काढलं. लोखंडी जाळीनं कपाळ फाटलं. तेव्हा ना फोटोवाला होता ना फलक. "पोराला माझ्या वट्यात टाकलं," मावशी म्हणाल्या, "आन् तितंच खाली बसून पोरावानी रडला. रगताचा नुसता पाट. मी पदर फाडून बांधला."

त्या दिवशी तात्या जे झाले, ते पुन्हा झाले नाहीत. पण त्या एका उडीवर ते दोनदा निवडून आले. भाषणात आवाज चढला की त्यांचं बोट व्रणावर जाई. "मी काय माझ्यासाठी करतो का?" हे त्यांचं पालुपद. आणि समोर बसलेल्या मावशी मान हलवत, कारण नातू शेजारी जिवंत बसलेला असे.

आता पाण्याचं. बाहेरच्या माणसाला आमच्या शहरातला पाण्याचा दिवस समजावून सांगणं अवघड आहे. आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा नळ येतो, आणि ज्या गल्लीला येतो तिथं त्या दिवशी दुसरं काही घडत नाही. मुलगी बघायला येणारे पाहुणे तारीख धरताना आधी विचारतात, तुमचं पाणी कधी? कचेरीत रजेच्या अर्जावर कारण लिहावं लागत नाही, साहेबाचंही पाणी असतं. मोटारी, नळ्या, पिंपं, हंडे, कळशा, पातेली आणि शेवटी दुधाचं मापसुद्धा भरून ठेवतात. मी एका घरात पाणी भरलेला गमबूट पाहिलाय.

चौथ्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. पोरं खेळायची, उन्हाळ्यात बाया कुरडया-पापड वाळत घालायच्या. तात्यांना तिथं सभागृह हवं होतं, स्वतःच्या वडिलांच्या नावाचं. गल्लीनं बैठक घेतली आणि नाही म्हटलं. त्यात सुलभाची आई होती, आणि चक्क रुक्मिणमावशीही होत्या. "पोराला जीव दिला त्यानं, खरंय," त्या म्हणाल्या होत्या, "पण जागा पोरांची हाय." तात्यांनी हात जोडले. "तुमची इच्छा तीच माझी इच्छा."

त्यानंतर चौथ्या गल्लीचा नळ आला नाही. एक पाळी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या गल्लीला धो धो, पाचवीला धो धो, मधली चौथी कोरडी. पाणी सोडणारा लाइनमन म्हणे, वरून दाब नाही. वरचे म्हणत, जुनी पाइपलाइन. आणि मग गल्लीत टँकर आला. टँकरच्या दोन्ही अंगांना तात्यांचा फोटो, व्रणासकट, हात जोडलेले, आणि पाणी नेमकं त्या जोडलेल्या हातांखालच्या तोटीतून येत होतं. सुलभाची आई, गुडघ्यांना पट्टे बांधलेली बाई, हंडा घेऊन रांगेत उभी. मावशी तिच्यामागं. तात्या स्वतः नळी धरून. "मी काय माझ्यासाठी करतो का?" आणि बाया म्हणत होत्या, देवमाणूस आहे.

मला संशय होता. सगळ्यांनाच होता. पण संशयानं हंडा भरत नाही.

अशात शेवटच्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग आलं. कारभारी बांध फोडतो तो प्रसंग. सुलभानं तात्यांना परिस्थिती सांगितली. माळ सुकलाय, पोरं जिभा काढून पडलीत, म्हातारी हरिणी, जिचं पाडस तुम्ही कधीकाळी बिबट्याकडून सोडवलं होतं, ती समोर येऊन उभी आहे. काही मागत नाही. नुसती बघतेय.

तात्या माइकला खेटून उभे राहिले. इकडं आम्हाला हेडफोनमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी कागद नसताना, तयारी नसताना जे सुरू केलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. "सोडतो गं," ते म्हणाले. "सोडतो. हे पाणी माझं नव्हतंच कधी. मीच यडा, त्यात माझंच तोंड बघत बसलो." आणि मग त्या खाणीच्या आवाजात एक हुंदका फुटला. "प्या रं पोरांनो! पोटभर प्या!" काचेपलीकडं तो थोराड माणूस व्रणावर हात दाबून खरंखुरं रडत होता. इम्रान डोळे पुसत होता. गोरख "बरोबरे" म्हणायचं विसरला. सुलभा माझा दंड इतका घट्ट धरून होती की चार दिवस वळ राहिला. मीसुद्धा मनात म्हटलं, अरे, ह्या माणसाला आपण चुकीचं ओळखलं.

टेक संपला. सुलभानं आतला लाल दिवा विझवून झाल्याची खूण केली. गोरख गाडी काढायला वर गेला. तेवढ्यात तात्यांचा फोन थरथरला. त्यांनी नाव पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग भोवतीच्या गाद्या-घोंगड्यांकडं पाहिलं आणि खुर्चीत बसले. मला त्यांचा विचार स्वच्छ दिसला. सगळ्या शहरात ह्याहून बंदिस्त खोली नाही, इथलं बोलणं जिन्यातल्या मांजराला ऐकू जात नाही, हे त्यांना आम्हीच तर अभिमानानं सांगितलं होतं. तोंडासमोर लोंबणारा माइक त्यांच्या हिशेबात भाषणापुरता होता. भाषण संपलं की माइक झोपतो, अशीच त्यांची तीस वर्षांची समजूत. आणि इम्रानचा नियम तर तुम्हाला ठाऊक आहे. माणूस बाहेर पडल्यावर बंद.

तात्यांनी आधी नाक शिंकरलं. रडण्याचं ओलं अजून गालावर होतं. मग बोलले, हळू, लाडीगोडीचा आवाज काढून.

"हां, बोल. न्हाई. चौथ्या गल्लीचं बंदच ऱ्हाऊ दे. व्हॉल्व्हला हात लावू नगंस. मी सांगल तवा. अरे, पोरं तहानली की बाया आपोआप येत्यात. जागा बी सोडत्याल आन् आशीर्वाद बी देत्याल." मग ऐकलं काहीतरी, आणि हसले. "म्हातारी? ती कुठं जाती. तिचं पोर माझ्यापाशी गहाण हाय."

मग ढेकर दिला. टिपला गेला.

बाहेर येताना त्यांनी सुलभाचा हात हातात घेतला. "कसं झालं, पोरी?" तिनं तो सोडवून घेतला नाही. ते गेल्यावर मोरीत जाऊन तिनं हात धुतला, पुन्हा धुतला, आणि मग बादलीत पाणी किती उरलंय ते पाहून थांबली.

इम्रान भडकला होता. "पेपर में दो मॅडम! आज के आज दो!"

"पेपरात दोन दिवस चालेल," सुलभा म्हणाली. "तो म्हणेल आवाज माझा नाही. माणसं म्हणतील, उडी मारली होती त्यानं. नळ तसाच राहील."

"मग?" मी विचारलं.

"आवाज कारभाऱ्याचा आहे. कारभाऱ्याच्या तोंडी घालायचा. जसाच्या तसा. त्याला तो चारचौघांत बसून ऐकावा लागेल. आणि गल्लीलाही."

सहा वर्षांचं काम होतं तिचं. पहिल्या खेळासाठी नाट्यगृह तात्यांनी मिळवून दिलेलं, तळघराचा मालक तात्यांच्या शब्दाबाहेर नाही. ते उलटले असते तर सिनेमा त्या दिवशी लागला असता आणि त्याच दिवशी गाडला गेला असता. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई रांगेत उभी आहे," आणि कामाला बसली. फोनमधलं एक अक्षर बदललं नाही. माळावर गल्ल्या नसतात, जनावरांना व्हॉल्व्ह नसतो; तिनं दोन्ही शब्द तसेच ठेवले. रेडा पाण्यात पडलाय, कानाशी एक बेडूक घेऊन कुजबुजतोय, ओठ तात्यांसारखेच मुडपतोय. बांध फोडायच्या जरा आधी. नाक शिंकरणं आणि ढेकरासकट.

खेळाच्या दिवशी नाट्यगृहाबाहेर सिनेमाचा फलक लहान आणि तात्यांचा मोठा होता. पुठ्ठ्याचा एक भला थोरला कारभारी दाराशी उभा केला होता. चौथी गल्ली सगळी आली होती, कारण तात्यांनी टँकरवरून निमंत्रण दिलं होतं. तात्या पहिल्या रांगेत, बाजूला गोरख, मागच्या रांगेत मावशी, त्यांचा आता मिशी फुटू लागलेला नातू, सुलभाची आई.

लोक हसले, ससे-माकडांच्या फोडाफोडीला शिट्ट्या पडल्या. आणि मग तो प्रसंग आला. रेड्यानं नाक शिंकरलं.

"चौथ्या गल्लीचं बंदच ऱ्हाऊ दे. व्हॉल्व्हला हात लावू नगंस."

नाट्यगृह गार पडलं. "पोरं तहानली की बाया आपोआप येत्यात." कोणीतरी मागं "आगं बाई" म्हणालं. "तिचं पोर माझ्यापाशी गहाण हाय." मी अंधारात तात्यांच्या मानेकडं पाहत होतो. ती जाड, घडी पडलेली मान ताठ झाली. मला वाटलं, आता. आता पहिली चप्पल येईल. मी तर मनातल्या मनात चपलांचे नंबरही पाहून ठेवले होते.

ढेकर झाला. आणि गोरखनं टाळी वाजवली.

त्याचा काय दोष, तात्यांचं वाक्य संपलं की त्याचे हात आपोआप हलतात. त्याच्यामागं तात्यांची पोरं, मग बाल्कनी, मग शिट्ट्या. काय आवाज! काय डायलॉग! तात्या सावकाश उठले, वळले, पडद्यावरच्या रेड्याचा उजेड पाठीवर घेऊन सगळ्या नाट्यगृहाला हात जोडले आणि बसले. पुढं रेड्यानं बांध फोडला, तात्यांचा हुंदका घुमला, माणसं रडली. चौथी गल्लीसुद्धा रडली.

संपल्यावर तात्या सुलभाजवळ आले. तिचा हात घेतला, तोच ओला तळवा. आजूबाजूला फोटोवाले होते, त्यांच्याकडं पाहून हसत, ओठ न हलवता ते म्हणाले, "पोरी, हे मी तुला बोलून दिलं नव्हतं."

सुलभानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "नाही. तुम्ही लाइनमनला बोलून दिलं होतं."

त्यांनी हात आणखी दाबला. व्रणाखालची भुवई जराशी उडाली, एवढंच. "चांगलं वापरलंस. लोकांला आवडलं." मग तिच्या हातावर दुसरा हात थोपटला. "आपलंच हाय."

मी त्यांना तेवढ्या जवळून पाहिलं ते शेवटचं. त्यानंतर ते दारातल्या पुठ्ठ्याच्या कारभाऱ्याशेजारी जाऊन उभे राहिले. गळ्यातलं उपरणं काढून त्याच्या अर्ध्या शिंगावर अडकवलं, त्याच्या मानेत हात घातला, आणि गल्लीतली पोरं एकेक करून फोटोला पुढं येऊ लागली. फ्लॅश पडला की दोन्ही चेहरे सारखेच उजळायचे. खरं सांगतो, त्यातला पुठ्ठ्याचा जास्त शरमलेला दिसत होता.

मावशी पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होत्या. नातू फोटोच्या रांगेत गेला नव्हता, त्यांच्यापाशी उभा होता. मी वाकून विचारलं, "मावशी, ओळखलंत का आवाज?"

"ओळखला की," त्या पट्ट्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "रेड्यानं शेवटी पानी सोडलं. ह्यो कवा सोडतो, तेवढं इच्यारून ये."